अर्ध्या वाटेवरच्या विद्यार्थ्याचे काय?

सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या देशात मत देता येत नाही, मोटार हाकण्याचा परवाना मिळत नाही, आणि त्याने सही केलेला करार न्यायालय मानीत नाही. परंतु याच वयात आपले उभे आयुष्य वैद्यकाला वाहून टाकण्याचा निर्णय तो घेऊ शकतो. नव्हे, त्याने तो घ्यावा म्हणून घरची मंडळी, क्लासवाले आणि शेजारीपाजारी दोन वर्षे आधीपासून त्याच्या मागे लागलेले असतात. २०२५ साली बावीस लाखांच्या आसपास मुले ‘नीट’च्या परीक्षेला बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाहून थोड्या अधिक. ज्यांना त्या मिळतात त्यांच्या घरी पेढे वाटले जातात, क्लासच्या जाहिरातींत छायाचित्रे झळकतात, आणि ‘आता मुलगा डॉक्टर झालाच’ असे सर्वजण गृहीत धरतात. पुढे त्यांतील काही मुले डॉक्टर होत नाहीत. त्यांचे काय होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी विद्यार्थ्याला चार संधी मिळतात, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत त्याला संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. वर्षाला एक मुख्य आणि एक पुरवणी परीक्षा धरली तर चार संधी म्हणजे व्यवहारात अवघी दोन वर्षे. पहिल्या वर्षाचे विषय तीन: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. समजा, यांपैकी दोन विषय सुटले आणि शरीररचना चौथ्या खेपेसही राहिली, तर एकोणीस-वीस वर्षांचा तो मुलगा महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभा राहतो. हातात काय? बारावीचे प्रमाणपत्र. उत्तीर्ण केलेल्या दोन विषयांचे मोल शून्य, दोन वर्षांच्या श्रमांचे मोल शून्य, आणि खाजगी महाविद्यालय असेल तर भरलेल्या लाखो रुपयांचा हिशेब विचारण्याची सोय नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र संधी मोजीत बसत नाही. नऊ वर्षांच्या मर्यादेत अडकलेल्याची स्थिती तर याहून दारुण. त्याने रुग्णालयातील वॉर्ड पाहिलेले असतात, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र उत्तीर्ण केलेले असते, आणि तरीही सव्विसाव्या वर्षी विद्यापीठाच्या लेखी तो केवळ बारावी पास असतो.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. परीक्षा सोप्या कराव्यात, संधी वाढवाव्यात किंवा गुणांची पायरी खाली आणावी, अशी आमची मागणी नाही. ज्याच्या हाती उद्या रोग्याचा प्राण सोपवावयाचा, त्याची पारख कठोरच असली पाहिजे. २०२३ साली दोन प्रश्नपत्रिका असलेल्या विषयांत उत्तीर्णतेची मर्यादा ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणण्याचा घाट खुद्द आयोगानेच घातला होता, आणि काही आठवड्यांतच तो मागे घेतला. ते माघार घेणे योग्यच झाले. कोरोनाच्या काळात सापडलेल्या विद्यार्थ्यांना पाचवी संधी अपवाद म्हणून देण्यात आली; तीही त्या असाधारण परिस्थितीत समजण्यासारखी होती. पण दर वेळी अपवाद करून दया दाखविणे आणि मुळातच न्याय्य व्यवस्था उभी करणे, यांत महदंतर आहे. दार अरुंद असावे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या दाराचा. बाहेर पडणाऱ्याला सन्मानाने बाहेर पडता येईल असे दार आपल्या वैद्यकीय शिक्षणात ठेवलेलेच नाही.

याबाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे सामान्यतः चार वर्षांची महाविद्यालयीन पदवी आधी आणि चार वर्षांचे वैद्यक नंतर, असा क्रम असतो. हा क्रम काही अनादिकाळापासून चालत आलेला नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून एम.डी. होऊन बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्याजवळ आधीची कोणतीही पदवी नव्हती, आणि तशी ती मागण्याचा तेथे सर्रास प्रघातही नव्हता. १८९३ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले, त्याने पदवीची अट घातली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची झाडाझडती घेऊन जो अहवाल लिहिला, त्यानंतर महाविद्यालयीन पायाशिवाय वैद्यक शिकविणाऱ्या शाळांचे दिवस भरले. (हे फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते, आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणाविषयी डॉक्टरेतरांनी बोलू नये असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.)

पुढे मात्र या आठ वर्षांच्या वाटेविषयी तेथेही कुरकुर सुरू झाली. शाळा संपलेल्या हुशार मुलाला लगेच हेरावे, पदवी आणि वैद्यक यांची सांगड घालून त्याला सहा-सात वर्षांत डॉक्टर करावे, अशी कल्पना पुढे आली. १९६१ साली नॉर्थवेस्टर्न आणि बोस्टन या विद्यापीठांनी असे संयुक्त अभ्यासक्रम सुरू केले. १९७१ साली मिसूरी विद्यापीठाने कॅन्सस सिटी येथे सहा वर्षांत बी.ए. आणि एम.डी. या दोन्ही पदव्या देणारे संपूर्ण वैद्यकीय महाविद्यालयच उघडले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने शहरातील वंचित समाजांतील मुलांना डॉक्टर करण्यासाठी असाच उपक्रम काढला. ब्राऊन विद्यापीठाने १९८४ साली आठ वर्षांचा अभ्यासक्रम मंजूर केला. त्यात वर्षे वाचविण्याचा उद्देश नसून मुलाने पहिली चार वर्षे हवे ते शिकावे, मग ते संगीत असो वा इतिहास, हा होता. आपला एम.बी.बी.एस. बारावीनंतर लगेच सुरू होतो. म्हणजे सतराव्या वर्षी वैद्यकासाठी मूल निवडण्याचा जो प्रयोग अमेरिकेने अपवाद म्हणून केला, तो आपल्याकडे सरसकट नियम आहे. तेथे या प्रयोगात ज्या अडचणी आल्या त्या आपल्याला परक्या वाटण्याचे कारण नाही.

या संयुक्त अभ्यासक्रमांचे नियम वाचले तर पहिल्या दृष्टीस ते आपल्यापेक्षाही कडक वाटतात. चारांपैकी ठरावीक सरासरी गुण सत्रामागून सत्र टिकवावे लागतात. सरासरी घसरली की विद्यार्थी देखरेखीखाली जातो. पुन्हा घसरली की वैद्यकातील राखीव जागा जाते. काही ठिकाणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतून सूट असते, काही ठिकाणी तीही द्यावी लागते. त्याखेरीज परवान्याच्या राष्ट्रीय परीक्षेची टांगती तलवार आहेच. तेथेही २०२१ पासून एका टप्प्यासाठी सहाऐवजी चारच प्रयत्न मिळतात. पण या कडकपणाबरोबर आणखी एक गोष्ट चालत येते. वैद्यकाची वाट सुटली तरी ब्राऊनचा विद्यार्थी ब्राऊनचाच विद्यार्थी राहतो, कमावलेले शिक्षण महाविद्यालयाच्या खात्यावर जमा राहते, आणि तो पदवी घेऊन दुसऱ्या वाटेला लागतो. जागा गमावलेला मुलगा आयुष्य गमावीत नाही.

अर्थात हे शहाणपण तेथेही एका दिवसात आले नाही, आणि सर्वत्र सारखे आले असेही नाही. दोन खटले या संदर्भात मुद्दाम सांगावेसे वाटतात, कारण दोन्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथील शैक्षणिक कायद्याची चौकट त्यांनीच आखली.

पहिला कॅन्सस सिटीच्या त्याच महाविद्यालयाचा. तेथे वरच्या वर्गात प्रवेश मिळालेल्या एका विद्यार्थिनीच्या लेखी अभ्यासाविषयी तक्रार नव्हती, परंतु रुग्णालयातील कामाविषयी, हजेरीविषयी आणि नीटनेटकेपणाविषयी शिक्षक असमाधानी होते. तिला सूचना देण्यात आल्या, देखरेखीखाली ठेवण्यात आले, आणि अखेर शहरातील सात डॉक्टरांपाशी पाठवून तिच्या कामाची स्वतंत्र पारख करण्यात आली. सातांपैकी दोघांनी तिला वेळेवर पदवी द्यावी असे सांगितले, दोघांनी ताबडतोब काढून टाकावे असे म्हटले, आणि तिघांनी आणखी काही काळ देखरेखीखाली शिकू द्यावे असे सुचविले. १९७३ साली तिला काढण्यात आले. १९७८ साली न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी न्यायालयाचा निर्णय सांगितला: शिस्तभंगासाठी विद्यार्थ्याला काढणे वेगळे आणि शैक्षणिक कारणासाठी काढणे वेगळे, दुसऱ्या प्रकारात कोर्टासारखी रीतसर सुनावणी घेण्याचे बंधन विद्यापीठावर नाही.

दुसरा खटला आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येतो. मिशिगन विद्यापीठाने १९७२ साली ‘इंटेफ्लेक्स’ नावाचा सहा वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला होता. पहिल्या चार वर्षांत महाविद्यालयीन आणि वैद्यकाचे मूलभूत विषय, मग एक राष्ट्रीय परीक्षा, ती उत्तीर्ण झाल्यावर शेवटची दोन वर्षे रुग्णालयात. आणि दोन्ही पदव्या सारे पुरे झाल्यावर. १९७५ साली प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थ्याला चार वर्षांचा हा टप्पा गाठण्यास सहा वर्षे लागली. मधल्या काळात कच्चे गुण, पुन्हा दिलेल्या परीक्षा, हलका करून घेतलेला अभ्यासक्रम, असे सारे झाले होते. १९८१ साली तो राष्ट्रीय परीक्षेस बसला आणि सातांपैकी पाच विषयांत अनुत्तीर्ण झाला. उत्तीर्ण होण्यास ३४५ गुण लागत. त्याला २३५ मिळाले. त्या अभ्यासक्रमाच्या इतिहासात इतके कमी गुण कोणाला पडले नव्हते. आढावा मंडळाने एकमताने त्याला काढून टाकले. त्याने मंडळापुढे स्वतः उभे राहून आपल्या घरच्या आणि मनाच्या अडचणी मांडल्या. निर्णय बदलला नाही.

त्याचे गाऱ्हाणे एवढेच होते की, इतर नापास विद्यार्थ्यांना ही परीक्षा पुन्हा देऊ दिली जाते, कोणाकोणाला तर तीन-तीन, चार-चार वेळा. मग मलाच का नाही? महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातही दुसऱ्या संधीचा उल्लेख होता. खालच्या न्यायालयात तो हरला, वरच्या न्यायालयात जिंकला, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात एकमताने पुन्हा हरला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सांगितले की, शिक्षकांनी विद्यार्थ्याची समग्र कामगिरी पाहून विचारपूर्वक निर्णय घेतला असेल, तर रूढ शैक्षणिक मर्यादा उघडपणे ओलांडल्याशिवाय न्यायालय त्यांच्या निर्णयावर आपला निर्णय लादणार नाही.

कायदा म्हणून हा निकाल आम्हांला योग्य वाटतो. हात थरथरणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेस उभे करावे की नाही, हे न्यायाधीशाने ठरवू नये. परंतु न्यायालयाने हात आखडता घेतला म्हणजे संस्थेची जबाबदारी संपत नाही, उलट दुप्पट होते. जेथे वरचे न्यायालय नाही तेथे घरातल्या वडीलधाऱ्यानेच न्यायी असावे लागते. त्या विद्यार्थ्याला सहा वर्षे कोणी थांबविले नाही. कच्च्या गुणांवर, हलक्या केलेल्या अभ्यासक्रमावर त्याला पुढे पुढे ढकलले, आणि मग एका परीक्षेच्या काठावर त्याचा कडेलोट केला. मिशिगनचे चुकले ते शेवटच्या दिवशी नव्हे. चुकले ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, ‘बाबा रे, ही तुझी वाट दिसत नाही, येथून ती दुसरी वाट आहे’ असे वेळेवर न सांगण्यात. आणि दोन्ही पदव्या अगदी शेवटी ठेवण्याची व्यवस्था ही तर अशा सल्ल्याच्या आड येणारी धोंड होती. मधली पायरीच नसेल तर उतरा असे कोण कोणत्या तोंडाने सांगणार? इंटेफ्लेक्स पुढे बंदही झाला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या एम.बी.बी.एस.चा वंश इंग्रजी आहे. त्या इंग्लंडात केंब्रिजचा वैद्यकाचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षाअखेर बी.ए. होतो आणि मग रुग्णालयातील शिक्षणाकडे वळतो. ब्रिटनमधील इतर अनेक विद्यापीठांतही वैद्यक मध्येच सोडणाऱ्याला, त्याने पुरेसा अभ्यास पुरा केला असेल तर, वैद्यकीय विज्ञानाची बी.एस्सी. देण्याची सोय आहे. आपण मुंबईत १८४५ सालापासून ग्रँट मेडिकल कॉलेज चालवीत आहोत; इंग्रजांचा काळा झगा घेतला, परीक्षेची भीती घेतली, ही सोय मात्र घ्यावयाची राहिली.

जुन्या वाचकांना आठवत असेल, दहा अधिक दोन ही पद्धती येण्यापूर्वी मुलगा मॅट्रिकनंतर महाविद्यालयात जाई, इंटर सायन्स करी, आणि मग वैद्यकाकडे वळे. ज्याचे तेथे जमले नाही तो त्याच महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गात बसे. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते आणि आम्हांला तिच्याविषयी उमाळे काढावयाचे नाहीत. पण सामान्य विद्यापीठ आणि वैद्यकीय शिक्षण यांच्यामध्ये तेव्हा निदान एक फळी टाकलेली होती. आज वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि विज्ञान महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर अशा विद्यापीठांकडे. १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले ते योग्य हेतूनेच. पण त्याचा एक परिणाम असा की, पडणाऱ्या विद्यार्थ्याला झेलण्यास शेजारचा वर्ग उरला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी-शिक्षणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, असे मधून बाहेर पडण्याचे मार्ग मोठ्या गाजावाजाने सांगितले. ज्या अभ्यासक्रमात त्याची सर्वांत अधिक निकड आहे, तेथे मात्र त्यातले काही पोचले नाही.

हे पडणारे विद्यार्थी कोण असतात, याचाही विचार व्हावा. त्यांत टंगळमंगळ करणारे थोडे असतातच. त्यांची वकिली आम्ही करीत नाही. पण बारावीपर्यंत मराठीतून विचार करण्याची सवय असलेला, तालुक्याच्या गावाहून आलेला मुलगा पहिल्याच महिन्यात हजार पानांच्या इंग्रजी ग्रंथापुढे बसतो तेव्हा काय होते, हे कोणत्याही शरीररचनेच्या प्राध्यापकास विचारावे. सुरुवातीच्या ‘फाउंडेशन कोर्स’मध्ये इंग्रजीची थोडी ओळख करून दिली जाते, तेवढ्याने भागत नाही. काहींना पहिल्याच विच्छेदनाच्या दिवशी कळून चुकते की, हे आपले काम नव्हे. ते सांगण्याची त्यांची छाती होत नाही, कारण सांगून जायचे कुठे? विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी आयोगाच्याच कार्यदलाने २०२४ साली अहवाल दिला. समुपदेशक नेमा, मदतीचा दूरध्वनी ठेवा, हे सारे ठीक आहे. परंतु ज्या खोलीला एकच दार आहे तिच्यात कोंडलेल्याला समुपदेशक काय सांगणार?

यावर एक आक्षेप हमखास येईल. अर्धवट शिकलेल्याला पदवी दिली तर तो गावात पाटी लावून सुया टोचीत बसेल; आधीच बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट, त्यात ही भर! आक्षेप वरवर रास्त दिसतो, पण उलट आहे. बोगस डॉक्टर पदवीमुळे निपजत नाहीत. ज्याला दुसरे काही करण्याची वाट नाही तो पाटी लावतो. वैद्यकीय विज्ञानाच्या बी.एस्सी.वर नोंदणी क्रमांक मिळणार नाही, औषध लिहून देण्याचा अधिकार मिळणार नाही, हे त्या पदवीपत्रावरच ठळक अक्षरांत छापता येईल. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन जाणणारा तरुण प्रयोगशाळेत, औषध कंपनीच्या संशोधन विभागात, सार्वजनिक आरोग्याच्या कामात, रुग्णालयाच्या व्यवस्थापनात हवाच आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून आयोग नेमला आहे. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी जे विषय सुटले ते त्या अभ्यासक्रमांत सुटलेच असे मानण्यास हरकत कोणती? शरीरातील साखरेचे चक्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यासाठी एक आणि प्रयोगशाळा-तंत्रज्ञासाठी दुसरे, असे काही नसते.

दुसरा आक्षेप पालकांचा: दार ठेवले की मुले त्यातून पळतील, सरकारी जागा वाया जातील. ज्या मुलाला डॉक्टर व्हावयाचेच नाही त्याला कोंडून ठेवून जागा सत्कारणी लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा डॉक्टरकडून स्वतःच्या मुलाची शस्त्रक्रिया करून घेण्याची तयारी ठेवावी.

आमची मागणी मोठी नाही. पहिली गोष्ट, नापास होण्याची चिन्हे दिसताच, म्हणजे दुसऱ्या संधीनंतरच, विद्यार्थ्याला आणि पालकांना बोलावून लेखी कल्पना द्यावी, आणि अडचण भाषेची, आजाराची की आवडीची, याची नोंद व्हावी. काढून टाकण्याच्या निर्णयाची कारणे लिहून द्यावीत, आणि ती महाविद्यालयाबाहेरच्या शिक्षकांच्या मंडळापुढे एकदा तरी तपासली जावीत. कॅन्सस सिटीने सात परके डॉक्टर बोलावले होते. आपल्याला तीन पुरे होतील. पहिल्या वर्षी बाहेर पडणाऱ्याचे उत्तीर्ण विषय संलग्न अभ्यासक्रमांत आणि बी.एस्सी.त धरले जावेत. ज्याने मूलभूत आणि मधल्या वर्षांचे विषय पुरे केले त्याला वैद्यकीय विज्ञानाची पदवी मिळावी. आणि खाजगी महाविद्यालयाने न शिकविलेल्या वर्षांची फी मागू नये.

यांतील पदवीच्या प्रश्नाला दिल्लीच्या आयोगाची आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची संमती लागेल. त्यासाठी राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने नेट लावावा. पण लेखी सूचना, कारणे देणे आणि बाहेरच्या शिक्षकांचे मंडळ यांची सुरुवात नाशिकला करता येण्याजोगी आहे. आणखी एक काम तर उद्याच करता येईल. गेल्या दहा वर्षांत राज्यातील प्रत्येक महाविद्यालयातून चार संधींच्या आणि नऊ वर्षांच्या नियमाखाली किती विद्यार्थी बाहेर गेले, त्यांतील किती सरकारी जागांवरचे होते, किती राखीव जागांवरचे, किती मराठी माध्यमातून आलेले, ही माहिती दप्तरांतून काढून विद्यापीठाने प्रसिद्ध करावी.